योग्य मार्गाने

घोड्यांच्या डॉक्टरांनी फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या आणि हेडक्लार्कला त्या तिन्ही समजल्या. घोळ झाला तो तिथेच.

शहराच्या अश्वपथकातला जहागीरदार नावाचा म्हातारा घोडा वाळत चालला होता. खाणं दुप्पट, पण अंगाला काही लागत नव्हतं. डॉक्टरांनी लीद तपासली, पोटात जंत निघाले. त्यांनी औषधाच्या पिचकाऱ्याही पाठवून दिल्या. महिनाअखेर तपासणी होती आणि तीत मरतुकडा दिसणारा घोडा लिलावात जायचा. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने जहागीरदाराला शिंगरू होता तेव्हापासून खरारा करून वाढवलेलं. लिलावाचा विषय निघाला की तो उठून जहागीरदाराजवळ जाऊन उभा राहायचा.

"औषध तोंडीच द्यायचं बरं का," डॉक्टर फोनवर म्हणाले.

"तोंडी? छे हो! आमच्याकडे तोंडी काही होत नाही. लेखी लागतं."

"अहो, घोड्याला लेखी कसं देणार?"

"घोड्याला कशाला? आम्हाला द्या."

लाइन खराब असावी असं वाटून डॉक्टर ओरडायला लागले. "हे बघा, औषध योग्य मार्गाने गेलं पाहिजे! नाहीतर उपयोग शून्य!"

"आत्ता कसं बोललात!"

"आणि वजन बघून द्या!"

"हे काय सांगायला हवं?" हेडक्लार्क खूश होऊन हसला. "वजन बघितल्याशिवाय इथे कुणाला काही मिळतं का?"

योग्य मार्ग म्हणजे खालून वर. मोतद्दाराने अर्ज केला, दाणावैरण सांभाळणाऱ्या कोठीवाल्याने त्यावर शेरा मारला, हेडक्लार्कने त्या शेऱ्यावर शंका काढली आणि अर्ज पुन्हा खाली आला. पिचकाऱ्या कपाटात कुलूपबंद होत्या. जंत मात्र कुणाच्या मंजुरीसाठी थांबले नव्हते. मोतद्दार रोज कचेरीच्या दारात उभा राहायचा आणि हेडक्लार्क त्याला रोज सांगायचा, "अरे, काम चालू आहे." काम चालू होतंच. ते जहागीरदाराच्या पोटात चालू होतं.

शेवटी पथकप्रमुखांनी बैठक बोलावली. "मार्ग कोणकोणते आहेत?" त्यांनी विचारलं.

"एरवी तोंडातून देतात साहेब, पण जहागीरदार चावतो," असं म्हणून मोतद्दाराने पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

"सुई टोचून?"

"याची सुई नाही साहेब."

"माझे साडू बैलांच्या पाठीवर ओततात," कोठीवाला म्हणाला. "पाठ काय, बैलाची नि घोड्याची सारखीच!"

"ते औषध वेगळं असतं ना पण?"

"वेगळं असलं तरी औषधच की!"

प्रमुखसाहेबांना वाद सोसत नसे. "हे बघा, मधला मार्ग काढा. तोंडात नको, पाठीवर नको. चंदीत मिसळा. दाण्याबरोबर आपोआप जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोतद्दाराने तर जरा जास्तच डोलावली, कारण त्याची बोटं वाचली होती.

मग वाटप आलं, तेही वजन बघून. राणीसाहेब नावाची जाडजूड घोडी प्रमुखसाहेबांची, आणि साहेबांचं वजन थेट वरपर्यंत. तिला दोन पिचकाऱ्या मिळाल्या. "जहागीरदारावर बसतो कोण?" हेडक्लार्कने विचारलं. "तो नवा शिपाई? त्याचं कसलं आलंय वजन! पाव पिचकारी पुरे."

संध्याकाळी ते पाव पिचकारी औषध चंदीत मिसळलं. जहागीरदाराने एकेक दाणा निवडून खाल्ला आणि औषधाचा चिकट लगदा गव्हाणीच्या कोपऱ्यात जसाच्या तसा ठेवला. शेजारून राणीसाहेबांनी मान लांब केली आणि तोही चाटूनपुसून साफ केला.

तपासणीला तेच डॉक्टर आले. जहागीरदाराच्या बरगड्या आता लांबूनही मोजता येत होत्या. हेडक्लार्क पुढे झाला. "नियमाप्रमाणे औषध देऊन झालंय. तरी गुण नाही. म्हणजे घोडा निकामी. लिलावात काढू."

"किती दिलं? कसं दिलं?"

ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मी तोंडी म्हणालो ते तोंडातून! आणि वजन म्हणजे घोड्याचं, साहेबांचं नव्हे! पाव डोसाने जंत मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. तुम्ही त्यांना तालमीत घातलंत! राणीसाहेबांना जास्त झालं ते बाधणार नाही, हे नशीब समजा."

मोतद्दाराला राहवलं नाही. बोटांसाठी आपणही मान डोलावली होती, हे आठवून त्याला रडू आलं. "माझी बोटं गेली तरी चालतील डॉक्टरसाहेब. दाखवा, मी देतो."

डॉक्टरांनी जहागीरदाराच्या छातीभोवती टेप गुंडाळून वजनाचा अंदाज घेतला. तोंडात दाणा नाही ना, ते पाहिलं. दात नसलेल्या फटीतून पिचकारी कशी सारायची ते दाखवलं. मोतद्दाराने डोळे मिटून पूर्ण डोस जिभेच्या पार मुळाशी सोडला आणि तोंड वर धरून ठेवलं. जहागीरदाराने तोंड वाकडं केलं आणि गिळून टाकलं. चावायचं त्याला सुचलंच नाही.

"पुढच्या तपासणीपर्यंत याला लिलावात काढायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

"पण हे औषध कुणाच्या आदेशावरून दिलं?" हेडक्लार्कने विचारलं.

"माझ्या," प्रमुखसाहेब पुटपुटले.

"लेखी?"

"तोंडी!" साहेब इतक्या जोरात ओरडले, की राणीसाहेब दचकल्या.

दोन दिवसांनी मोतद्दार कचेरीत आला तो नाचतच. हेडक्लार्कने पेन उघडलं.

"जंत गेले?"

"गेले! ढीगभर गेले!"

"नुसतं गेले म्हणून कसं चालेल? कसे गेले, ते नोंदवावं लागतं."

मोतद्दाराने क्षणभर विचार केला.

"योग्य मार्गाने, साहेब."

हेडक्लार्कने समाधानाने मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं.