गेनबाचा ढेकर आणि दयाळाचं बोर

एका जंगलात नाताळ साजरा व्हायचा. तो तिथे कोणी आणला, हे विचारू नका बाळांनो. सुट्टी मिळते म्हटल्यावर सण कुठला, हे कोणी बघतं का?

तर तिथे एक प्रथा होती. ज्याचं गाणं आवडेल त्याच्या झाडाखाली प्रत्येकाने नाताळच्या आदल्या दिवशी एक बोर टाकायचं. ज्याची बोरं जास्त, त्याचं गाणं पहिलं. मग नाताळच्या सकाळी सगळं जंगल तेच गाणं एका सुरात म्हणायचं.

दयाळ हा छोटासा काळा-पांढरा पक्षी. वर्षभर पहाटे उठून रियाज करायचा. एकदा तरी आपलं गाणं सगळ्या जंगलाच्या तोंडी ऐकावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. पण दरवर्षी पहिला यायचा कोल्ह्याने पढवलेला पोपट. पोपटाचं गाणं तेच, कोल्ह्याचा गाजावाजा तेवढा नवा.

यंदा साळिंदरमावशी फणफणल्या. "पुरे झाला तो पोपट. निषेध म्हणून यंदा गेनबाचा ढेकर पहिला आणू."

गेनबा म्हणजे रानडुक्कर. कंद खाऊन तो असा ढेकर द्यायचा, की पाणवठ्यावरचे बगळे उडून जायचे. जंगलाला ही कल्पना भलतीच आवडली.

दयाळ धास्तावून उडाला. तो सशाकडे गेला.

"ससेभाऊ, तुम्ही बोर कोणाला टाकणार?"

"अरे, तुझ्या गाण्याला तोड आहे का? पहिला तूच येणार. म्हणून तर माझं बोर गेनबाला. जरा गंमत."

हरीणही तेच म्हणालं. माकडही तेच म्हणालं. आणि आमच्या दयाळाला चक्क हायसं वाटलं.

मग तो स्वतःचं बोर चोचीत धरून निघाला. आपलं बोर आपल्याच झाडाखाली टाकायचं? छे, बरं दिसत नाही. लोक म्हणतील, काय हा हावरटपणा. इकडेतिकडे बघत त्याने ते हळूच गेनबाच्या चिंचेखाली टाकलं.

अस्वलाने बोरं मोजली. पोपट दोन. दयाळ वीस. गेनबा एकवीस.

दयाळ फांदीवर मटकन बसला. ते एकविसावं बोर कोणाचं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

एवढ्यात गेनबा धापा टाकत आला. "असं कसं झालं रे दयाळा? मी तर माझं बोर तुलाच टाकलं. आपल्याला आवडतं बुवा तुझं गाणं."

नाताळच्या सकाळी सगळं जंगल जमलं आणि सगळ्यांनी मिळून ढेकर दिला. प्रथा म्हणजे प्रथा. दयाळानेही रडू आवरत दिला.

ससा शेजारीच उभा होता. "वा, ढेकरसुद्धा काय सुरात देतोस रे," तो म्हणाला. "खरं तर तूच पहिला यायला हवा होतास."

तात्पर्य : विनय हा गुणवंताचा दागिना आहे. बोर टाकायला जाताना तो घरी पेटीत ठेवून जावा.