कर्फ्यूसाहेबांचा पिवळा स्वेटर

“आधी अंगावरचं झटक, मग घरात पाय टाक!”

चाळीस वर्षांपूर्वीचा आईचा हा आवाज साहेबांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. रानातून हुंदडून आलेलं पोर, चड्डीला चिकटलेल्या कुसळांसकट उंबऱ्यावर उभं, आणि आतून आईचा खणखणीत हुकूम. आई गेली, उंबरा गेला, कुसळं गेली. हुकूम तेवढा उरला. साहेबांनी तो मोठ्या मनाने जगाला देऊन टाकला. स्वतःसाठी काही म्हणून ठेवलं नाही.

साहेब भाजीपाल्याच्या एका रोपवाटिकेचे पर्यवेक्षक होते. जिथे टोमॅटोची रोपं वाढत त्या जाळीघराचे सर्वेसर्वा. जाळी इतकी बारीक की वाऱ्यालासुद्धा आत यायचं तर अंग चोरावं लागे. दाराआड दार, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत जाण्याआधी पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, हात साबणाने तीनदा धुवायचे, बांगड्या उतरवायच्या, पांढरा कोट चढवायचा आणि दोन दारांमधल्या बोळात उभं राहून अंग झटकायचं. दहा वेळा. साहेब बाहेरून मोजत. सातव्या झटक्याला कुणी दमलं, तर पुन्हा एकपासून! माघारी सगळे त्यांना ‘कर्फ्यू’ म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

“माझ्या जाळीत एक जरी माशी शिरली ना,” मिशीवरून बोट फिरवत ते म्हणत, “तर ही उतरवून ठेवीन!”

मिशी तशी ठेवण्यासारखीच होती. भांडी घासायच्या ब्रशइतकी दाट.

या नियमांना एक बारीकशी सूट होती. ते पर्यवेक्षकाला लागू नव्हते. नियम करणाऱ्यानेच नियम पाळायचे, तर मग नियम करायचे कशाला? साहेब रोज सकाळी सगळ्यांच्या आधी, कोटबिट न घालता, आपल्या बिनबाह्यांच्या स्वेटरात थेट आत जात. स्वेटर पिकल्या लिंबासारखा पिवळाधमक. विणला बायकोने, रंग निवडला साहेबांनी. “साहेब लांबून दिसला पाहिजे!” तो दिसतही होता. कुणाकुणाला दिसत होता, ते पुढे येईलच.

तर एके दिवशी तिसऱ्या रांगेतली रोपं रुसली. पानांच्या कडा पिवळ्या, पानं वाटीसारखी वर वळलेली, शेंडे आखडलेले. जणू थंडीत मुठी आवळून झोपलेली तान्ही बाळं. साहेब त्यांच्यापेक्षा जास्त पिवळे पडले. हा पानं मुरडणारा रोग त्यांना तोंडपाठ होता. पांढरी माशी तो पसरवते. तिळापेक्षा लहान, पिठात लोळल्यासारखी. आजारी झाडाचा रस प्यायची आणि मग जन्मभर ज्या रोपाला सोंड लावील त्याला तेच दुखणं पाजायची. यावर साहेब भाषण देत. पाऊण तासाचं.

म्हणजे कुणीतरी माशी आत आणत होतं!

रोपवाटिकेच्या मालकीणबाई कमी बोलत. बोलत तेव्हा समोरचा हातातलं काम खाली ठेवी. “गुरुवारी तपासनीस बाई येतायत. त्याआधी मला नाव हवंय. ज्याचं निघेल तो शुक्रवारी कामावर दिसणार नाही.”

“चोवीस तासांत देतो!”

दिलं बारा तासांत. मावशी.

मावशी एकवीस वर्षं तिथे रोपं लावत होत्या. बी उगवून दोन पानांवर आलं की त्या ते अशा अलगद उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये बसवत, की रोपाला घर बदललेलं कळूही नये. दुसरं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि या वयात त्यांना ते कुणी दिलंही नसतं.

“ही माशी मिरचीवर बसते, आणि तुमच्या परसात मिरचीची तीन झाडं आहेत!” साहेब कडाडले.

“आहेत की. तुमच्या दारातसुद्धा टोमॅटो आहे म्हणे.”

“ते वेगळं!”

वेगळं होतंच. गेल्या खेपेला साहेबांनी दुबळी म्हणून शंभरेक रोपं उपटून टाकायला लावली, तेव्हा त्यातलं एक, डोळ्यांत पाणी आणून बघणाऱ्या लेकरासारखं, त्यांच्या काळजात रुतलं. खिशात घालून त्यांनी ते घरी नेलं. आता ते कमरेएवढं झालं होतं. पानं सगळी वाटीसारखी वळलेली. “जरा लाजरं आहे, इतकंच,” साहेब म्हणत. कामावर निघताना ते त्याला पाणी घालत, पानांवरून हात फिरवत. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. पहिल्या दिवशी तिने म्हटलं होतं, “अहो, त्या झाडावर—”

“झाडांतलं तुला काय कळतं?” साहेब म्हणाले होते. तिने खिडकी लावून घेतली.

मावशी काही भांडल्या नाहीत. रोपं लावता लावता गुणगुणू लागल्या:

“पान मुडपलं बाई, रोप खाली बसलं,
कुणाच्या पाठीवर बाई, पाप आत घुसलं…”

“गाणं बंद! रोपांना ताण येतो!” साहेबांनी नवा नियम केला. पण ती ‘पाठ’ त्यांच्या डोक्यात बसली. पुरावा हवा होता ना? मग पाठीवरच घेऊ!

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना फाटकात उभं केलं आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक पिवळं चिकट कार्ड लावलं. ही कार्डं जाळीघरात टांगलेली असतात. पांढऱ्या माशीला पिवळ्याचं वेड, ती येते आणि चिकटते. “दोन तास फिरा. मग मी माशा मोजतो. आकडा खोटं बोलत नाही!”

आकडा बोलेपर्यंत कार्डांनीच घोळ घातला. टेम्पोवाला सवयीने सीटवर टेकला, तो सीटच्या कव्हरसकट उठला. पाणी देणाऱ्या दोघी पाठीला पाठ लावून दम खायला बसल्या, त्या एकजीव झाल्या. एकीला नळाकडे जायचं होतं, दुसरीला सावलीत. “अगं ओढू नकोस, माझा ब्लाउज येतोय!” “मग तू चल की माझ्याबरोबर!” रखवालदार कुंपणाला टेकला, आणि कुंपणाने त्याला सोडायचं नाकारलं. मालकीणबाई काय चाललंय बघायला आल्या, घाईत मावशींच्या पाठीला घासून गेल्या आणि त्यांच्या ओढणीचं एक टोक मावशींकडेच राहिलं.

नेमक्या याच वेळी तपासनीस बाई आल्या. ठेंगणी मूर्ती, गळ्यात भिंग. त्यांनी कुंपणाला चिकटलेला रखवालदार बघितला, जुळ्या झालेल्या दोघी बघितल्या, आणि डोळ्याची पापणी न हलवता विचारलं, “रोपं कुठायत?”

“आधी गुन्हेगार!” साहेब म्हणाले आणि मोजू लागले. टेम्पोवाला: एक डास, एक मुंगी. रखवालदार: कुंपणाचा गंज. त्या दोघी: एकमेकींचे केस. साहेब मावशींकडे वळले. घसा साफ केला. भिंग मागून घेतलं. कार्ड उजेडात धरलं. उलटं धरलं.

मावशी: एक पांढरा केस. त्यांचाच.

“बघू,” तपासनीस बाई म्हणाल्या. “आणि तुमचं कार्ड?”

“मला कशाला? मी पर्यवेक्षक आहे!”

“बरोबर. तुम्हाला कार्डाची गरजच नाही.” त्या स्वेटरकडे बघत होत्या. “काढता जरा?”

जमिनीवर पांढरा कागद अंथरला. स्वेटर उलटा धरून त्यांनी तो झटकला. एकदा. दोनदा. पिठाची चाळण हलवावी तसं काहीतरी भुरभुरलं. काही कागदावर पडलं, काही उडून पुन्हा स्वेटरवर जाऊन बसलं. बाईंनी साठपर्यंत मोजलं आणि नाद सोडला.

“आत पहिल्यांदा कोण जातं?”

“मी.”

“आत गेल्यावर आधी कुठे थांबता?”

“तिसऱ्या रांगेपाशी. भाषणाचा सराव करतो.”

कुणीतरी खोकलं. साहेबांनी शेवटची धडपड केली. “पण मावशी काल तिसऱ्या रांगेतच होत्या!”

“आज दिसतंय ते दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. काल कोण होतं याला अर्थ नाही.”

“आणि आम्ही ते हात धुतो ते?” पाणी देणारीने विचारलं.

“स्वच्छतेला चांगलं. पण हा रोग हाताने पसरत नाही.”

सगळ्यांनी आपापले सुरकुतलेले तळवे बघितले, आणि मग साहेबांना.

“या माशा इथल्याच असणार!” साहेबांच्या कपाळावर घाम आला. “जाळीतून माझ्या अंगावर आल्या! माझं घर स्वच्छ आहे! थांबा, सगळ्यांसमोर विचारतो.” त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला. “अगं, मी घरून निघतो तेव्हा माझ्या स्वेटरवर काही नसतं ना? सांग, सगळे ऐकतायत.”

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला.

“अगं?”

“झाडांतलं मला काय कळतं?” आवाज शांत होता.

“सांगा हो वहिनी,” मावशी हळूच म्हणाल्या. “माझं काम जातंय.”

मग मात्र बांध फुटला. “दीड महिना बघतेय! त्या टोमॅटोला हात लावला की पांढरं भुर्रकन उडतं आणि तुमच्या पाठीवर बसतं. तुम्ही निघालात की वाटतं, माणूस नाही, माशांची बस चाललीय! पहिल्याच दिवशी सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलंत?”

साहेब उन्हात उभे होते, नुसत्या शर्टात. कानात तो जुना आवाज घणघणला: आधी अंगावरचं झटक. या खेपेला तो जगासाठी नव्हता.

“बाई,” ते मालकीणबाईंना म्हणाले, “मावशींचं नाव खोडा. मीच आणली माशी.” मग फोनमध्ये, फार हळू, “ते झाड… पिशवी वरून घाल, घट्ट बांध, आणि मग उपट.”

“खरंच उपटू?” तिचाही आवाज हलला.

“हो.”

तिसरी रांग उपटली गेली. उरलेल्या रोपांची पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी ठरली. मालकीणबाईंनी ओढणी सोडवली आणि निकाल दिला: “मावशी शुक्रवारी येतील. तुम्हीही या. पण आजपासून बोळात झटकायचं तुम्ही, आणि मोजायचं मावशींनी.”

“दहा,” मावशी म्हणाल्या. “सातव्याला दमलात तर एकपासून. आणि साहेब, त्या मिशीचं काय?”

सगळे हसले. साहेबही हसायला गेले, तेवढ्यात हातातला फोन बोलला. तो बंद करायचा राहूनच गेला होता.

“अहो, आता विषय निघालाच आहे तर… लग्नाच्या दिवसापासून सांगीन सांगीन म्हणते. ती मिशी मला कधीच आवडली नाही.”