नऊ टॅब, मग एंटर

कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा असतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळस माणसाला तो आयुष्यभर जाणवत नाही. मंजुनाथच्या कीबोर्डवरचा जेचा उंचवटा अकरा वर्षांत पुरता झिजला होता, तरी त्याचं बोट बरोबर तिथंच जाऊन टेकायचं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो टेलिफोन ऑपरेटर होता. वय त्रेचाळीस. जन्मापासून दृष्टी नव्हती आणि लग्न झालेलं नव्हतं. पहिल्या गोष्टीची त्याला सवय होती. दुसरीबद्दल भाग्योदय समाज मंडळाच्या ऑफिसातल्या सुंदरम्मांना एक प्रश्न विचारायचा होता, तो चार वर्षं राहून गेला होता.

दोघांची ओळख झाली ती मंडळाच्या वेबसाइटपायी. मंडळात दर वर्षी नवा अध्यक्ष येई आणि येताच वेबसाइट बदलायला काढी. जुनीत बिघडलेलं काही नसे; तिच्यात जुन्या अध्यक्षाचा फोटो असे, एवढंच. मंजुनाथचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा, पण नव्या साइटवर बहुतेक बटनांना नावंच दिलेली नसत. मग तो बिचारा "बटन, बटन, बटन" एवढंच म्हणत राही. मंजुनाथ ऑफिसात फोन लावी. सुंदरम्मा आपल्या कॉम्प्युटरवर एकेका बटनावरून पुढं नेणारी टॅबची कळ मोजून दाबत आणि सांगत, "यंदा नऊ टॅब, मग एंटर. लिहून घ्या, सर. अय्यो, म्हंजी ध्यानात ठेवा की!"

मोजणी पाच मिनिटांत व्हायची आणि फोन पाऊण तास चालायचा. सुंदरम्मांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यांना कडक चहा लागतो आणि मांजरांची भीती वाटते, हे सगळं मंजुनाथला टॅब मोजतानाच कळलं होतं. प्रश्न मात्र दर वेळी ओठांपर्यंत येऊन परत जायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पुतणीच्या साखरपुड्यासाठी मंडळाचा हॉल नोंदवायला बसला. नऊ टॅब दाबले. "नोंदणी, बटन," कॉम्प्युटर म्हणाला. त्यानं एंटर मारला. पाच रकाने आले, एकालाही नाव नाही. पण त्याला क्रम पाठ होता. नाव, मोबाइल, पुढच्या महिन्याची चौदा तारीख, माणसं साडेतीनशे. शेवटच्या रकान्यात, सूचनांच्या, त्यानं लिहिलं, "आचारी तुमचा, भांडी आमची. दुपारी चारपर्यंत मोकळं करून देऊ." कॉम्प्युटर म्हणाला, "धन्यवाद. आपली नोंदणी झाली आहे."

नोंदणी झाली होती हे खरंच होतं. फक्त त्याच सकाळी नवी साइट चालू झाली होती आणि त्या बटनाशेजारी, कॉम्प्युटरला न वाचता येणाऱ्या एका रंगीत चित्रात, "वधू-वर" असं लिहिलं होतं.

तीन वाजता पहिला फोन आला.

"मी बाळासो बोलतोय, माळशिरसहून. जाहिरात बघितली तुमची. घरात साडेतीनशे माणसं हायत व्हय?"

"पाहुणे धरून," मंजुनाथ म्हणाला.

"बाबो! आन् ऱ्हात्यात कुटं?"

"राहायचं नाही कुणी. जेवून जातील."

"रोज?"

मंजुनाथ गोंधळला. पलीकडं बाळासोंचा आवाज आणखी चढला. "आन् आचारी आमचा, हे ठीक हाय. पण चारला मोकळं करून देणार म्हंजी काय? लगीन सकाळी आन् फारकत चारला? काय माणूस हाईस का कोण!"

त्यानंतर अक्कलकोटहून निंगप्पा नावाचे एक म्हातारे बोलले. त्यांना साडेतीनशे माणसांचं काही वाटलं नव्हतं. "जन्म पुढच्या महिन्यातला लिवलाय, तम्मा," ते धाकट्या भावाला म्हणावं तसं काळजीनं म्हणाले. "पत्रिका कशी बघू? थांबू का महिनाभर?"

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अकरा फोन झाले होते. बारावा मथुराबाई वहिनींनी घेतला आणि फोन त्याच्या हातात ठेवत विचारलं, "भावजी, तुम्हाला हॉल बघायला सांगितला होता की बायको?"

तेरावा फोन सुंदरम्मांचा होता. त्या हसू आवरत बोलत होत्या. "सर, यंदा बारा टॅब झालेत. मी सांगणारच होते. चारपर्यंत मोकळं करून देऊ, हे वाचलं आणि ओळखलं, हे आपलेच. चौदा तारीख मी रजिस्टरला पेननं लिहून ठेवलीय. वहिनींना सांगा, हॉल पक्का."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मंडळाच्या बैठकीत त्यांनी साइट करणाऱ्या फरहानला अध्यक्षांसमोर बसवलं, पडदा बंद केला आणि म्हटलं, "आता बुक करा हॉल. नुसतं ऐकून." फरहाननं घाम पुसत अकरा टॅब दाबले, मग एंटर. नावाच्या रकान्यात त्यानं मान म्हणून अध्यक्षांचं नाव घातलं. पडदा उजळला तेव्हा अध्यक्षांचं नाव श्रद्धांजलीच्या पानावर होतं, खाली दोन फुलांसह. अध्यक्षांनी बराच वेळ आपलं नाव पाहिलं. मग म्हणाले, "आठ दिवसांत दुरुस्त करा. फुलं आधी काढा."

आठ दिवसांनी मंजुनाथनं साइट उघडली. "हॉल नोंदणी, बटन. वधू-वर नोंदणी, बटन. प्रतिमा, हसरे अध्यक्ष." प्रत्येक रकाना आपलं नाव सांगत होता. काही मोजायचं नव्हतं, काही पाठ करायचं नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा सगळं ऐकलं. इतकी वर्षं हेच तर मागत होतो, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की आता ऑफिसात फोन करायला काही कारणच उरलं नाही.

त्याचं बोट जेच्या कळेवर टेकलं. मग त्यानं फोन उचलला.

"काय अडलं, सर?"

"काही नाही. सगळं नीट चालतंय."

"मग?" पलीकडं पंखा बंद केल्याचा आवाज आला. "तुमचा तो वधू-वरचा फॉर्म अजून हाय बरं का साइटवर. काढू?"

"अं... त्यात काय काय आहे?"

"तेच की. अपेक्षा, चारपर्यंत मोकळं करून देऊ." त्या हसल्या, पण पूर्ण नाही. "काढू की बदलू?"

"बदला."

"काय लिहू? सांगा, मी टाइप करते."

मंजुनाथनं खुर्ची पुढं ओढली.

"लिहा, सुंदरम्मा. मला तुमच्याशी लग्न करायचंय. आणि चारला मोकळं करून देणार नाही."