चार वेळा वाचलेली सूचना

"तीन महिने द्या सर! ही सहाही मुलं घडाघडा वाचायला लागली नाहीत, तर नाव बदलीन!"

भाषेच्या बाईंनी मुख्याध्यापकांना असं ठणकावून सांगितलं, तेव्हा स्टाफरूममधले सगळे चहाचे कप हवेतच थांबले. कारण ती सहा मुलं साऱ्यांच्या ओळखीची होती. सातवीत होती, पण वाचन म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! पहिलं अक्षर पानावरचं, पुढचा शब्द स्वतःच्या मनाचा. 'प्रकाश' असो की 'प्रमुख', मुलं वाचणार 'प्रवास'!

बाई मात्र हटल्या नाहीत. शब्दाखाली बोट धरायचं, जोडाक्षर फोडायचं, एकच उतारा चार वेळा वाचायचा. दोन महिने हेच. शेवटी सर म्हणाले, "या महिन्यात फरक दिसला नाही, तर हा तास गणिताला देतो."

मुलंही कंटाळली होती. सगळ्यांत हळू आवाजाची एक मुलगी होती, वर्ग तिला 'पुटपुटी' म्हणायचा. ती एके दिवशी पुटपुटलीच, "बाई, सशाची गोष्ट किती दिवस? माझा पहिलीतला भाऊपण हीच वाचतो."

बाईंना लागलं, आणि पटलंही.

नेमकी त्या दिवशी त्यांची खोली परीक्षेला गेली होती. रिकामी होती ती फक्त माइकची खोली. जाड दार, भिंतींना कापड. बाहेरचा आवाज आत नाही! टेबलावर जुन्या सूचनांची वही पडली होती. बाईंनी एक पान उघडलं. "हे घे, मोठ्या माणसांचं. वाच."

पुटपुटीनं दप्तर टेबलावर ठेवलं. त्याचा कोपरा कुठल्या बटणावर टेकला, ते कुणी पाहिलंच नाही.

"आ...ज... पाण्याच्या... टाकीच्या..."

"दुरुस्ती! फोड शब्द. दु, रु..."

पहिल्यांदा घाम फुटला. दुसऱ्यांदा निम्मं जमलं. तिसऱ्यांदा 'विद्यार्थ्यांनी' एका दमात! चौथ्यांदा तर ती उभी राहून, छाती पुढे काढून कडाडली, "आज पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीमुळे शाळा दुसऱ्या तासानंतर सुटेल. विद्यार्थ्यांनी रांगेत, शांतपणे घरी जावे!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा जणांची वरात घेऊन त्या बाहेर आल्या.

शाळेत चिटपाखरू नव्हतं.

शिपाईमामा फाटकाला कुलूप लावत होते. "अहो मामा, सगळे गेले कुठे?"

"घरी! स्पीकरवर सूचना झाली ना! पहिल्यांदा वाटलं, स्पीकर बिघडलाय. दुसऱ्यांदा टाकीचं कळलं. तिसऱ्यांदा पोरांनी दप्तरं भरली. चौथ्यांदा इतकं स्पष्ट ऐकू आलं, की मी घंटाच दिली!"

"आणि परीक्षा?"

"पेपर गोळा करून ठेवलेत."

"आणि... सर?"

"सर सगळ्यांत पुढे. रांगेत, शांतपणे."

दुसऱ्या दिवशी सरांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल! पालकांचे फोन थांबत नव्हते. "कुणी वाचली ती सूचना?"

"चूक माझी, सर," बाई पुढे झाल्या. "बटण मी पाहायला हवं होतं."

"मी वाचली," मागून आवाज आला. पुटपुटी पुढे आली.

सरांचा विश्वास बसेना. त्यांनी टेबलावरचं पत्रक तिच्या हातात कोंबलं. "वाच हे."

ती वाचू लागली. 'स्वच्छतागृहांच्या'पाशी अडली. बाईंचा जीव टांगणीला लागला. मुलगी काहीतरी ठोकून देणार! पण तिनं बोट ठेवलं, ओठ हलवले, शब्द फोडला, जोडला आणि पुढे गेली. शेवटपर्यंत.

सरांनी पत्रक परत घेतलं. मग हळूच म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत चालू ठेवा तुमचा तास. पण झाल्या प्रकाराबद्दल पालकांना माफीपत्र आत्ता लिहून द्या."

बाईंनी आनंदाच्या भरात पाच मिनिटांत पत्र लिहिलं. सरांनी लाल पेन काढलं. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ, एक अनुस्वार... पान गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

"तुमच्या त्या वर्गात मुलं किती?" सरांनी पत्र परत देत विचारलं.

"सहा, सर."

"सात धरा."