जानेवारीतला कूलर

आमचे वैरागडे साहेब फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘नाही’ म्हणतात. पलीकडे कोण आहे, त्याला काय हवं आहे, हे कळायच्या आत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "फोन करणाऱ्याले काही ना काही पायजेच असते, मॅडम. आधीच नाही म्हटलं का अर्धे लोक ठेवून देतात. उरले त्याईचं काम खरं असते."

लकडगंजात साहेबांचा कूलर बनवायचा कारखाना आहे. पुढे ऑफिस, मागे पत्र्याची शेड. मार्च ते जून आम्हाला नागपुरात कोणी विसरत नाही आणि पाऊस सुरू झाला की कोणी ओळखत नाही. मी तिथे तक्रारींचे फोन घेते. हे काम साहेबांनीच केलं असतं, तर कारखाना दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला असता. मी रजेवर असताना त्यांनी घेतलेले फोन शंकर मला नंतर साभिनय ऐकवतो. एक बाई म्हणाल्या, कूलर फार आवाज करतो. साहेब म्हणाले, "घरात कोणी बोलत नसन तुमच्या, म्हणून ऐकू येते." एक गृहस्थ म्हणाले, हवा गरम येते. "दहा मिनिटं रोडवर उभे राहून या. मंग थंड लागन."

शंकर आमचा हेड मिस्त्री. डोकं पार पांढरं, त्यामुळे नवं गिऱ्हाईक त्यालाच मालक समजतं आणि साहेबांना म्हणतं, भाऊ, ते कूलरच्या बाजूंना लावायचं गवत जरा गाडीत टाकून दे. साहेब मुकाट्याने टाकतात. मग ऑफिसात येऊन त्याच गिऱ्हाइकाला सवलत नाकारतात.

मी नोकरीला लागले तेव्हा माझी मुलगी तन्वी दुसरीत होती. नवरा बडोद्याला होता, दुसऱ्या संसारात. त्याच्यावर याहून जास्त शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. मुलाखतीतच मी सांगून टाकलं की मुलीची शाळा साडेबाराला सुटते, तिला शेजारी सोडून यायला वेळ लागेल.

"नाही," साहेब म्हणाले. "जेवणाची सुट्टी एक वाजता असते."

मी पर्स उचलली.

"उद्या दहाले या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची जेवणाची सुट्टी साडेबाराला झाली होती. एक वाजेपर्यंत मिस्त्रींना भूक लागते आणि स्क्रू वाकडे बसतात, असं त्याचं कारण. पुढे तन्वी पाचवीत गेली आणि तिच्या शाळेची वेळ बदलली. त्या जूनपासून मिस्त्रींना दोनला भूक लागू लागली. मी स्वतःला हुशार समजते, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला तिची दहावी उजाडली.

साहेबांचा डबा खाणावळीतून येतो. त्यांचं लग्न राहून गेलं. आईचं दुखणं काढता काढता केव्हा राहिलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. एकदा मी माझ्या डब्यातली पाटोडीची भाजी त्यांना दिली. खाऊन म्हणाले, "तिखट कमी हाय." म्हणून दुसऱ्या दिवशी मी काही दिलं नाही, तर दिवसभर दिसेल त्याच्यावर डाफरत फिरले. संध्याकाळी शंकर माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, देऊन टाकत जा ना भाजी. तुमच्या पाटोडीपायी आमी काहून बोलणे खायचे?"

तेव्हापासून मी रोज देते. तिखट मुद्दाम कमी ठेवते. माणसाला तक्रारीला जागा असावी, नाहीतर तो भलतीकडे शोधत जातो.

अशी वर्षं गेली. आमच्यात काही नव्हतं, असं मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं. संध्याकाळी माझी स्कूटर सुरू झाल्याशिवाय साहेब शेडचं दार लावत नसत, एवढंच. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली तर त्यांचा चेहरा जरा पडलेला दिसे, हेही माझ्या लक्षात आलं होतं. कधीकधी मी दोन-चार किका उगीच मारत असे.

मग तन्वीला पुण्यात नोकरी लागली. तिने दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला आणि मला म्हणाली, "आई, तू पण चल. इथे कोण आहे तुझं?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. जे नाव तोंडात आलं ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ‘येते’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, जानेवारी संपला की मी जाते.

"नाही," ते म्हणाले. पावतीपुस्तक उघडून परत मिटलं आणि म्हणाले, "मार्चचं कोण पाहीन?"

"कोणीतरी मिळेल."

"हो. मिळते कोणीतरी," असं म्हणून ते शेडमध्ये निघून गेले.

त्यांनी ‘राहा’ म्हटलं असतं तर मी राहिले असते. पण लेकीने घर मांडून ठेवलेलं असताना, या वयात, मला थांबवा हो म्हणून मी कोणाच्या दारात उभी राहणार नव्हते. मी बॅगा काढल्या.

त्यानंतर साहेब कोणावर रागावले नाहीत. कारखान्यात घबराट पसरली. एका पोराने पत्र्याचा अख्खा ताव उलटा कापला, तरी साहेब त्याला "असू दे गा" म्हणाले. "डॉक्टरले दाखवा लागन याईले," शंकर मला हळूच म्हणाला. खात्री करून घ्यायला मी भाजीत मीठच टाकलं नाही. त्यांनी ती संपवली, डबा धुतला आणि ‘छान’ म्हणून परत दिला. तेव्हा मात्र मी घाबरले.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी घराची बेल वाजली. दारात साहेब. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर कानटोपी, काखेत कूलरच्या गवताचा गठ्ठा. मागे शंकर, कोणाच्यातरी लग्नातला कोट घालून, हातात संत्राबर्फीचा डबा.

"कूलरची सर्व्हिसिंग हाय," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जानेवारीत?"

"उन्हाळ्यात गर्दी असते."

आणि तडक गॅलरीत गेले. माझ्या कूलरवर झाकलेलं पोतं काढून त्यांनी त्याच्या बाजू खोलल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू शाल गुंडाळून कठड्यावरून वाकल्या. एवढ्या थंडीत कूलर दुरुस्त करणारा माणूस आमच्या कॉलनीने तोवर पाहिला नव्हता.

इकडे शंकर सोफ्याच्या कडेवर बसला. एरवी आला की आधी चहा मागतो. आज घसा साफ करून तन्वीला म्हणाला, "मंग, मूळ गाव कोणतं तुमचं?"

"सावनेर. काका, तुम्हाला माहीत आहे की."

"माईत हाय. पण विचारा लागते. आईले स्वयंपाक येते?"

"येतो. तुमचे साहेब रोज खातात."

"तिखट कमी असते म्हणे," शंकर गंभीरपणे म्हणाला.

तन्वी माझ्याकडे वळली. आमच्या दोघींत तिलाच आधी कळलं. "आई, आत जाऊन पोहे कर. बघायला आलेत तुला."

"शंकरभाऊ," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

शंकरने बर्फीचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "मले निस्तं बसायले सांगितलं होतं, मॅडम. बोलू नको म्हणे, मोठा म्हणून बस. बोलणीले घरचं मोठं माणूस लागते ना. त्याईच्याकडून आणाले कोणी नाही. आई गेली, काका नाही, मामा नाही. काल मले म्हणे, शंकर, तू चाल. मी म्हटलं, मी तर तुमच्याहून लहान हाय. तर म्हणे, केस पांढरे हाय ना तुये, चालून जाते."

तन्वी हसत होती, ती थांबली.

तेवढ्यात गॅलरीतला कूलर सुरू झाला, एकदम फुल स्पीडवर. बर्फासारखा वारा खिडकीतून सरळ शंकरच्या कोटात घुसला. मी उठून गॅलरीत गेले. साहेब कूलरच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. हात कोपरापर्यंत ओले, नजर पंपावर.

"बंद करा तो," मी ओरडून म्हटलं.

"ट्रायल घेऊन राहिलो."

"आत काय बोलतात ते ऐकू येत नाही."

"म्हणूनच लावला," ते म्हणाले.

मी बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत दोघेही पात्यांकडे बघत होतो. वरच्या काकूही.

"माह्या घरी याच्याहून मोठा हाय," साहेब नव्या गवताची काडी तोडत म्हणाले. "आईसाठी बनवला होता. आई गेल्यावर काढलाच नाही. एकट्याले कायले पायजे इतकी हवा?"

मला आत तन्वीचा आवाज आला. ती शंकरला विचारत होती, पोह्यांत शेंगदाणे चालतात का.

"तन्वीचं घर लावून द्यायला मला पुण्याला जावं लागेल," मी म्हटलं. "पंधरा दिवस तरी."

"आणि मंग?"

"मग मार्च येतो. तक्रारीचे फोन कोण घेणार?"

साहेबांनी मनापासून विचार केला. "शंकर घेईन," ते म्हणाले.

"शंकर नाही घेणार," मी म्हटलं. "मी घेणार."

हा होकार आहे हे ध्यानात यायला साहेबांना इतका वेळ लागला, की कूलरच्या गवतातलं पाणी पूर्ण निथळून गेलं.