कोटातली हवा

हवेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! उभं आयुष्य टायरांत हवा भरण्यात गेलं. टायरला नुसता अंगठा लावून आत किती हवा आहे ते मी सांगतो, आणि मीटरनं वेगळं काही दाखवलं तर मीटर बिघडलेलं असतं, अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली, पण पसरली आहे हे महत्त्वाचं. चौकात मला सगळे 'हवावाले' म्हणतात. इतकंच, की ही हवा मी कायम जमिनीवर उभं राहून भरली. विमानात पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती आणि मीही ती येऊ दिली नव्हती.

बायकोचं उलट. ती लिफ्ट तपासते. गावोगावच्या इमारतींत जाऊन दोर, ब्रेक, दारं बघायची आणि 'चालू ठेवा' किंवा 'बंद करा' म्हणून सांगायचं, ही तिची नोकरी. तिनं बंद म्हटलं की भलेभले मालक निमूटपणे जिन्यानं चढतात. एकदा आमच्या दुकानासमोरच्या इमारतीत लिफ्ट अडकली आणि आत माणसं किंचाळायला लागली. ही भाजीची पिशवी घेऊन चालली होती. पिशवी माझ्या हातात दिली, बंद दाराशी उभी राहिली आणि आतल्यांशी अशी काही बोलायला लागली, की दार उघडलं तेव्हा ती माणसं एकमेकांना मुलांचे फोटो दाखवत होती. असा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. तो आवाज आपल्या घरात राहतो याचा मला फार अभिमान आहे. फक्त तो माझ्यावर चालवला जातो तेव्हा जरा कमी असतो.

तर एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "परवाचं माझं शंभरावं विमान." गॅस संपत आलाय हे जसं सांगते, त्याच सुरात.

"शंभरावं? अगं, मग काहीतरी करायला हवं."

"काय करायचंय त्यात? सकाळी जायचं, हॉस्पिटलची लिफ्ट बघायची, संध्याकाळी परत."

"तरी तुला काय हवंय?"

तिनं एक पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "खिडकी."

मग कळलं ते असं. कंपनी तिला सगळ्यांत स्वस्त तिकीट काढून देते आणि सगळ्यांत स्वस्त तिकिटाला कायम मधली जागा मिळते. या मार्गावर उतरण्याआधी विमान एका बाजूला कलतं आणि खाली नदी समुद्राला मिळते ती जागा दिसते म्हणे. खिडकीतले लोक दर वेळी अवाक होतात. हिला दर वेळी त्या लोकांची डोकी दिसतात. नव्याण्णव वेळा आकाशात जाऊन माझ्या बायकोनं डोकी बघितली! मला माझीच लाज वाटली. त्याच रात्री मी फोनवर खटपट करून आमच्या दोघांच्या जागा काढल्या. तिला खिडकी, तिच्या शेजारी मी. विमानात पहिल्यांदाच बसायचं होतं, पण प्रश्न बायकोचा होता.

आता नुसत्या खिडकीवर थांबणारा मी नव्हे. शंभरावं विमान म्हणजे फुगे हवेतच. तोंडानं फुगवलेला फुगा मला बघवत नाही, आळशी माणसाच्या गालासारखा दिसतो. मी दुकानातल्या पंपावर चार लाल फुगे असे टच्च भरले, की वरून टिचकी मारली तर ढोलकीसारखे वाजावेत. विमान वर स्थिर झालं की फुगे काढायचे, बायकोच्या हातात द्यायचे, शेजारपाजारच्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या, असा बेत होता.

विमानतळावर बायको बायकांच्या रांगेत असताना तपासणीच्या यंत्रातून माझी फुग्यांची पिशवी गेली तेव्हा पडद्यावर जवळपास काहीच दिसेना. "यात काय आहे?" तपासनीसानं विचारलं. "हवा," मी म्हणालो. त्यानं पिशवी उघडली, फुगे दाबून बघितले, माझ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं. खरी अडचण पुढे होती. विमानाच्या दाराशी त्या स्वस्त विमान कंपनीनं एक लोखंडी पिंजरा ठेवला होता. त्यात मावेल तेवढंच सामान आत.

"ही पिशवी बसत नाही," तिथली मुलगी म्हणाली.

"अहो ताई, हिला वजनच नाही. उचलून बघा."

"वजनाचं नाही काका, आकाराचं बघतो आम्ही. फोडून घडी करून न्या ना."

फोडून! बायको तेवढ्यात बाटलीत पाणी भरायला गेली होती. मी खांबाआड झालो. शंभराव्या विमानाचा मान म्हणून मी दादाचा कोट घालून आलो होतो. दादा माझ्या दीडपट. त्या कोटात दोन फुगे पुढे, एकेक बगलेखाली असे चारही बसले, वरून मी बटणं लावली, आणि एक बऱ्यापैकी श्रीमंत दिसणारा माणूस होऊन रांगेत परत आलो.

बायकोनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. झिजलेल्या दोराकडे बघते तसं.

"नाश्ता जरा जास्त झाला," मी म्हणालो.

आम्ही आत गेलो, आमची रांग सापडली, आणि मी ऐटीत म्हणालो, "बस. तुझी खिडकी."

तिथे भिंत होती.

पुढच्या रांगेला खिडकी होती, मागच्या रांगेला होती. आमच्या रांगेला नेमकी नव्हती. विमानात अशीही एखादी रांग असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पुढच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते, त्यांनी खिडकीचं झाकण खाली ओढलं, मान टाकली आणि घोरायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं. बायकोनं भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे. एक डाग नाही."

"अगं, मी मुद्दाम खिडकी बघून..."

"असू द्या हो. आलात हेच पुष्कळ. मी जरा डोळा लावते."

आणि ती खरंच झोपली. ना तक्रार, ना टोमणा. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

विमान उडालं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पट्टा पोटाला काचत होता. मी तो सैल केला. थोड्या वेळानं परत काचायला लागला. परत सैल केला. मग कोटाचं वरचं बटण टण्णदिशी उडालं आणि माझ्या दुसऱ्या हाताला बसलेल्या टायवाल्या गृहस्थांच्या चष्म्यावर आपटलं.

"माफ करा," मी म्हणालो. तेवढ्यात दुसरं उडालं.

खाली बघतो तर पोट वर आलेलं! मी शांतपणे विचार केला. फुग्यांची गाठ मी स्वतः मारलेली. आत नवीन हवा शिरायला जागाच नाही. हवा शिरली नाही तर फुगा वाढणार कसा? हवेतला जाणकार माणूस याचा एकच अर्थ काढू शकतो. फुगे आहेत तेवढेच आहेत. फुगतोय तो मी!

विमानात माणसाच्या कानांना दडे बसतात असं ऐकलं होतं, पण अख्खा माणूस फुगतो हे कुणी बोललं नव्हतं. इतरांकडे बघितलं तर सगळे आपापल्या मापात होते. बायकोला उठवावं, तर एक तर खिडकी गेली, आता निदान झोप तरी मिळू दे बिचारीला. मी टायवाल्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "साहेब, मी तुम्हाला मोठा वाटतोय का?"

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि घंटी दाबली.

हवाई सुंदरी आली. "काय होतंय, सर?"

"हळू बोला, बायको झोपलीय. मी फुगतोय."

"कधीपासून?"

"जमीन सुटल्यापासून."

तिचा चेहरा पांढरा झाला. ती धावत पुढे गेली आणि वरच्या भोंग्यातून आवाज आला, विमानात कोणी डॉक्टर असल्यास कृपया यावं. त्याबरोबर पुढच्या खिडकीतलं घोरणं थांबलं. ते गृहस्थ डोळे चोळत उठून आमच्या रांगेशी आले.

"मी डॉक्टर आहे. दातांचा आहे, पण बघतो. तोंड उघडा."

मी उघडलं.

"दात उत्तम आहेत."

"डॉक्टर, पोट."

"हं." त्यांनी वाकून माझ्या पोटाला बोटानं टिचकी मारली. पोट ढोलकीसारखं वाजलं. डॉक्टरांनी आयुष्यात असा आवाज ऐकला नसावा. "दाबल्यावर दुखलं तर सांगा," असं म्हणून त्यांनी दोन्ही तळव्यांनी दाबलं.

फाट्! असा आवाज झाला, की डॉक्टर टायवाल्यांच्या मांडीवर बसले. मला वाटलं मी संपलो. मागून कुणीतरी ओरडलं, "इंजिन गेलं!" एका बाईंनी समोरच्याचे केस धरले, कुणी देवाचा धावा सुरू केला, निम्मी माणसं उभी राहिली. तेवढ्यात दुसरा फुगा फुटला आणि उरलेली निम्मीही उभी राहिली.

त्या गदारोळात माझ्या डाव्या बाजूनं तो आवाज आला. दारापलीकडच्या माणसांशी बोलणारा.

"मंडळी, इकडे बघा. मी लिफ्टची इन्स्पेक्टर आहे. इंजिनं दोन्ही चालू आहेत, जरा कान देऊन ऐका."

आणि सगळे खरंच गप्प होऊन ऐकायला लागले! इंजिनं घरघरत होती.

"फुटला तो फुगा. आमच्या यांच्या कोटात होता. अहो, किती भरलेत?"

"चार," मी म्हणालो. मी जिवंत होतो.

"म्हणजे अजून दोन आहेत. ते मी आता सोडतेय. फुस्स असा आवाज येईल, घाबरू नका. तोवर ज्यांनी दुसऱ्यांचे केस धरलेत त्यांनी सोडा."

लोक हसायला लागले आणि एकेक करून बसले. बायकोनं माझ्या कोटात हात घातला, दोन्ही फुगे काढले, माझ्या त्या पक्क्या गाठी नखानं सोडवल्या आणि हवा सोडली. मी केवढा तरी बारीक झालो. हवाई सुंदरी तिच्याकडे मी बघतो तशी बघत होती.

"मला वाटलं मीच फुगतोय," मी पुटपुटलो. "फुग्यात नवीन हवा शिरायला वाटच नव्हती."

"आतली तेवढीच राहते. वर बाहेरचा दाब कमी होतो, मग आतली पसरते." हे तिनं इतकं हळू सांगितलं, की टायवाल्यांनाही ऐकू जाऊ नये. अख्ख्या विमानासमोर माझी शोभा झाली होती, पण हवावाल्याची अब्रू तिनं राखली. "पण फुगे कशाला हो?"

"तुझं शंभरावं ना," मी म्हणालो.

डॉक्टर तोवर सावरले होते आणि माझी नाडी धरून उभे होते. "हे ठोके मला पसंत नाहीत," ते म्हणाले. "उतरेपर्यंत मी पेशंटशेजारी बसतो. बाई, तुम्ही माझ्या जागेवर बसता का?"

"तुमची जागा कुठली?" बायकोनं विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"ही काय, पुढची. खिडकीतली."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला सोडून जावं का नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. इतक्या सगळ्या प्रकारानंतरही! "जा गं," मी म्हणालो. "मला काही झालेलं नाही."

ती पुढे गेली. झाकण वर सरकवल्याचा आवाज आला. दातांचे डॉक्टर माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि नाडी मोजता मोजता पुन्हा घोरायला लागले. विमान कलायला लागलं तसे मी डोळे मिटले, टायवाल्यांचा हात धरला आणि कान मात्र पुढे लावून बसलो.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पुढच्या सीटवरून आवाज आला, "अगं बाई!"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. लिफ्टचा दोर तुटायला आलेला बघून ती 'हं' म्हणते. मी दुकानाची पहिली कमाई हातात ठेवली तेव्हाही 'हं'च म्हणाली होती. मला भरून आलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टायवाले म्हणाले, "दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही हो, बायकोला खिडकी मिळाली." त्यांनी माझा हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण मी सोडला नाही.

खाली उतरून चालताना तिचे डोळे वेगळेच दिसत होते. मी कोट हातानं मिटून धरला होता, बटणं विमानातच राहिली होती.

"दिसली का नदी?"

"दिसली," ती म्हणाली. थोडं चालून परत म्हणाली, "दोन रंगांचं पाणी असतं हो. कितीतरी वेळ मिसळतच नाही. तुम्हीही बघायला हवं होतंत."

"मी डोळे मिटले होते."

"संध्याकाळी परत जाताना तुम्ही खिडकीत बसा. मला सांगून ठेवलंय त्या विमानातल्या मुलीनं, पुढच्या विमानात खरी खिडकी देणार आहेत."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! शंभर विमानं झालेली बाई, एवढ्या कष्टानं मिळालेली खिडकी नवऱ्याला देते आहे. मी म्हणालो, "अगं, नको. तुझी खिडकी मला कशाला? तू पुन्हा मधे बसणार का?"

"हो, मी मधेच बसणार," ती म्हणाली. "एका बाजूला भिंत आणि एका बाजूला मी. तुम्हाला लोकांपासून लांब ठेवायचं असं कॅप्टननं सांगितलंय."