कॉम्प्युटरचं मेडिकल बोर्ड

जयपूरला उन्हाळ्यात धुळीची आंधी आली की माणसं खिडक्या लावायला धावतात. आमचे नलावडे काका आधी कॉम्प्युटरला पांघरूण घालतात. त्याच्यासाठी सांगानेरी छापाची एक चादर राखून ठेवलेली आहे. ती चारी बाजूंनी नीट खोचून झाली की मग खिडक्या. तोवर घरभर धूळ झालेली असते आणि काकू म्हणतात, "आता मलाही गुंडाळा एखाद्या चादरीत."

काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव साताऱ्याकडचं, पण शेवटची पोस्टिंग जयपूरची, म्हणून वैशाली नगरात घर बांधून इथलेच झाले. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, मूळचा सांगलीचा. झालाना भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो. तेवढ्या भांडवलावर काकांनी मला कॉम्प्युटरचा डॉक्टर नेमलं. मी जन्मात कधी कॅबिनेट उघडलेलं नाही, असं सांगून पाहिलं. "शिकाल," काका म्हणाले.

हा कॉम्प्युटर म्हणजे मागे भलंमोठं पोट सुटलेला मॉनिटर आणि खाली घरघरणारा डबा. सकाळी काका त्याला टिचकी मारतात आणि म्हणतात, "जवान, ऊठ." जवान खोकतो, कण्हतो आणि बहुतेक वेळा उठतो. नाही उठला तर त्याचं नाव सिक रिपोर्टवर जातं आणि काका सायकलच्या पंपाने त्याच्या पोटातली धूळ उडवायला बसतात.

यंदा मात्र जवान वरचेवर आजारी पडायला लागला. पुण्याहून त्यांचा मुलगा पंकज रोज फोन करायचा, "बाबा, भंगारात द्या ते. मी नवा पाठवतो." काकूंचंही तेच, "घ्या की नवा. अर्धा हॉल अडवलाय या डबड्याने." दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. "अंकलजी, इसमें अब कुछ नहीं बचा. नया ले लो." काका शांतपणे म्हणाले, "भैया, फौज में बिना बोर्ड के बाल्टी भी कंडम नहीं होती."

आणि खरोखरच बोर्ड बसलं. रविवारी सकाळी काका ब्लेझर घालून हॉलमध्ये हजर. अध्यक्ष ते स्वतः, टेक्निकल मेंबर मी. मी पायजम्यात गेलो होतो, तर कपडे बदलून यायला परत पाठवलं. प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया. मी मनाशी ठरवूनच आलो होतो की आज याला कंडम करून टाकायचं, म्हणजे माझे रविवार तरी सुटतील. पंकजलाही तसा शब्द दिला होता.

"वापरणाऱ्याची साक्ष," काकांनी पुकारा केला. वापरणाऱ्या म्हणजे काकू. पूर्वी छावणीत मराठी बायकांचं भजनी मंडळ होतं. एकेकीच्या नवऱ्याची बदली होत गेली आणि मंडळ विरलं. काकांनी तेव्हा केलेलं रेकॉर्डिंग तेवढं या डब्यात राहिलंय. काकू रोज दुपारी ते लावतात आणि बदलून गेलेल्या मैत्रिणींबरोबर गातात.

काकू पदर खोचून खुर्चीत बसल्या. बोटं सरसर फिरली, ठकठक झालं आणि बायकांचा आवाज घुमला. तेवढ्यात मॉनिटरने एक आचका दिला आणि पडदा काळा ठिक्कर पडला. मी "गेला" म्हणणार, एवढ्यात काकूंनी पुढचं भजन लावलं. मग त्याच्या पुढचं. काळ्या पडद्याकडे कौतुकाने बघत त्या म्हणाल्या, "बघा, चालतोय की चांगला. चित्रही दिसतंय ना नीट? हल्ली जरा फिकं येतं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"एकदम स्वच्छ दिसतंय," काका म्हणाले.

गेल्या महिन्यात काकूंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हा मी किती हसलो होतो.

काका मला हाताला धरून जिन्यापाशी घेऊन आले. "तिला काचबिंदू आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मला म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी गुपचूप तिच्या डॉक्टरांना भेटून आलो. थेंब चालू आहेत, पण गेलेली नजर परत यायची नाही. या डब्याची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत. नवा आणला तर चाचपडावं लागेल, तेही माझ्यासमोर. कुणाला संशय नको म्हणून नवा घ्या, नवा घ्या म्हणते. पण त्या दिवसाची तिला किती धास्ती आहे, ते मला माहीत आहे."

"पण काकू तुम्हाला सांगत का नाहीत?"

"मी घाबरेन म्हणून," काका म्हणाले आणि त्यांनी उगाचच ब्लेझरची बटणं नीट केली. एवढा पलटणीत वावरलेला माणूस, पण खरोखरच घाबरलेला होता.

आतून काकूंची हाक आली, "अहो, काय ठरलं तुमच्या बोर्डाचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. टेक्निकल मेंबरचं मत अजून यायचं होतं.

"फिट आहे, काकू," मी ओरडून सांगितलं.

"ड्यूटीला फिट," काकांनी खणखणीत आवाजात दुजोरा दिला. "पोस्टिंग आहे तिथेच कायम."

आतून सुटकेचा एक सुस्कारा ऐकू आला आणि मग काकू मैत्रिणींच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागल्या.